मिठाचा खडा कडक, म्हणून माल शुद्ध?

रंगाईच्या धंद्यात मिठाला कोणी फारसे मोजत नाही. रंगाचा भाव आपण चार ठिकाणी विचारतो, मीठ मात्र स्वस्त मिळेल तेथून उचलतो. परंतु सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगात रंगवताना रंगाला सुताकडे ढकलण्याचे काम हेच मीठ करते. फिक्या शेडला लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम आणि गडद शेडला ८० ते १०० ग्रॅम मीठ लागते. त्यात मिलावट असेल तर तीही त्याच हिशेबाने रंगाच्या पाण्यात उतरते.

काही वर्षांपूर्वी माझा गडद निळ्या शेडचा एक लॉट पांढरट डाग घेऊन परत आला. मीठ देणाऱ्याने खडा माझ्या हातावर ठेवला व म्हणाला, "शेठ, दगडासारखा आहे. शुद्ध नसता तर एवढा कडक राहिला असता का?" मला ते पटले. नंतर डाईंग मास्टरने मीठ तपासले, तेव्हा त्यात कॅल्शियम भरपूर निघाले. तेव्हापासून मी हा विषय समजून घेतला.

कडकपणा येतो कोठून?

मिठाच्या स्फटिकात सोडियम व क्लोरिनचे कण एकाआड एक, थरावर थर असे बसलेले असतात. जोर लावला की थर एकमेकांवरून सरकतात. कापडाच्या घड्याही अशाच सरकतात. पण त्यांतून टाचणी टोचली तर सरकणे थांबते. कॅल्शियमचा कण ही ती टाचणी आहे. त्याचा विद्युतभार सोडियमच्या दुप्पट असतो. तो एका सोडियमच्या जागी बसला की हिशेब जुळवण्यासाठी दुसऱ्या सोडियमची जागा रिकामी राहते. अशा ठिकाणी थर अडतात व स्फटिक कडक होतो. यासाठी लाखात काही कणही पुरतात. म्हणजे अगदी शुद्ध मीठ उलट मऊ असते!

मग कच्चा खडा कोणता?

मिठागरात खारे पाणी सुमारे २५ अंश बॉमेवर आले की मीठ बसू लागते. २९-३० अंशांच्या आसपास उरलेले कडू पाणी सोडून द्यावे लागते. ते न सोडता आणखी मीठ काढले तर त्यात मॅग्नेशियम वाढते. ते थरांत फारसे शिरत नाही. खड्यात अडकलेल्या पाण्यात आणि वरच्या ओलाव्यात राहते. पाण्याच्या अशा पोकळ्यांनी खडा पांढुरका व ठिसूळ होतो. तव्यावर मीठ तडतडते ते याच पाण्यामुळे.

शुद्ध मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाल्यावर पाणी ओढते, तर मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांवरच ओढू लागते. गोणीतले मीठ रात्री ओलावते, दिवसा सुकते, आणि दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ बनते. तेही हाताला दगडासारखे लागते. म्हणून हाताची पारख येथे चालत नाही.

खरेदीपूर्वी काय करावे?

१) दोन ग्लासांत एकच पाणी घ्या. एकात मूठभर मीठ विरघळवा. मग दोन्हींत सारखा धुण्याचा सोडा विरघळवून टाका. मिठाचा ग्लास जास्त दुधाळ झाला तर त्यात कॅल्शियम आहे. रंगाईत सोडा पडल्यावर हाच गाळ कापडावर बसतो.

२) नमुना तोलून, झाकण ठेवून तापवा व पुन्हा तोला. जेवढे वजन घटले तेवढ्या पाण्याचे पैसे आपण देत होतो.

३) मोठा सौदा असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम व ओलावा यांचे प्रमाण प्रयोगशाळेतून काढून सौद्यात लिहून घ्या.

बाजारात वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्याला पैगंबर साहेबांनी (स.) टोकले होते, हे आपण सारे ऐकत आलो आहोत. मिठाच्या गोणीलाही तोच नियम लागू आहे. विकणाऱ्याने ऐब सांगावा. घेणाऱ्यानेही खड्याच्या कडकपणावर न जाता माल तपासून घ्यावा. चार रुपयांच्या बचतीपायी हजारोंचे कापड खराब करणे ही तिजारत नव्हे.