गुलाबाची कळी उमलत का नाही?



पहूर परिसरात दारापुढे किंवा विहिरीच्या पाटाकडेला गुलाबाचे एखाददुसरे झाड बऱ्याच घरी असते. झाड हिरवेगार दिसते, शेणखतही घातलेले असते, पण कळी येते आणि जागीच करपते. अशा वेळी आणखी खत घालून उपयोग नाही. आधी कळी बघावी.

पांढऱ्या कागदावर कळी झटकली आणि टाचणीच्या टोकाएवढे पिवळसर बारीक जीव पळू लागले, तर ते फुलकिडे समजावेत. मिरचीवरही हे येतात. पाकळी कोवळी असतानाच ते ती खरवडून रस पितात, म्हणून कडा काळ्या पडतात आणि कळी उघडत नाही. करपलेल्या कळ्या खुडून जाळाव्यात, झाडाखाली टाकू नयेत. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून दहा लिटर पाणी करावे, साबणाचा चुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावे. खानदेशात निंबाला तोटा नाही! कळीला गोल भोक असेल तर आत हरभऱ्यावरची घाटेअळी आहे. ती हाताने वेचलेली बरी.

उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पूर्वी यावर डायकोफॉल सर्रास मारीत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आहे, कपाटात जुनी बाटली असेल तर वापरू नये. कपाशीचे उरलेले औषध गुलाबावर मारण्याची सवयही आम्हाला पसंत नाही. ते फूल देवाला जाते, पोरींच्या वेणीत जाते, कुणी गुलकंदही घालते.

आता उसाशी संबंध असलेली गोष्ट. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की अंधार पडताच जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात. निंब, बाभूळ, बोर ही त्यांची आवडती झाडे, पण दारचा गुलाबही ते सोडत नाहीत. सकाळी पाने कुरतडलेली दिसतात आणि किडा एकही नाही, कारण पहाटेच तो मातीत शिरलेला असतो. मग आळ येतो शेजाऱ्याच्या शेळीवर! हाच भुंगेरा हुमणीचा बाप आणि हीच तिची आई. एक मादी मातीत पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेली अळी ऑगस्ट ते ऑक्टोबर उसाची मुळे खाते. ऊस पिवळा पडतो, हाताने ओढला तरी उपटून येतो.

वर्षात हिची एकच पिढी होते, म्हणून पावसानंतरच्या त्या थोड्या रात्री सोडू नयेत. पाऊस पडला की रात्री आठच्या सुमारास बॅटरी घेऊन गुलाब बघावा. त्यावर भुंगेरे दिसले तर बांधावरच्या निंबावर शेकड्याने असणार. खाली कापड पसरून फांद्या हलवाव्यात, पडलेले भुंगेरे साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकावेत. एकट्याने करून भागत नाही, भुंगेऱ्याला बांध कळत नाही. आळीतल्या चार घरांनी त्याच रात्री निघावे.

ज्यांच्या उसात मागील साली हुमणी होती त्यांनी मेटाऱ्हायझियम बुरशी हेक्टरी २० किलो, शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना सरीत द्यावी. कोरड्या मातीत ती वाढत नाही. त्यातलीच मूठभर गुलाबाच्या आळ्यातही टाकावी.