घशाचा कॅन्सर : तंबाखू, विषाणू आणि पेशीतील बिघाड



घशाचा कॅन्सर म्हटला की अजूनही काही घरांत रोग्याचे ताट-तांब्या वेगळे काढतात, आणि सोयरीक जमवताना ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ अशी कुजबुज होते. शास्त्राचा या दोन्ही गोष्टींना आधार नाही.

शरीराच्या प्रत्येक पेशीत वाढीला लगाम घालणारी काही जनुके असतात. त्यांतले पी-५३ हे आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या फ्यूजसारखे. पेशीत बिघाड झाला की ते वाढ थांबवते. दुरुस्त होण्यासारखी नसेल तर ती पेशी मारून टाकते. आरबी नावाचे दुसरे जनुक पेशीला उगाच विभागू देत नाही.

तंबाखू, विडी, गुटखा यांतली विषारी द्रव्ये हे पी-५३ जनुकच बदलून टाकतात. फ्यूजमध्ये जाड तार घातली की तो वेळेवर उडत नाही आणि मोटार जळते, तसा हा प्रकार. जोडीला दारू असली तर धोका कितीतरी वाढतो. हे बदल त्या माणसाच्या घशातल्या पेशींत, त्याच्या हयातीत होतात. ते पोराबाळांत उतरत नाहीत. (उतरते ती चंचीची सवय, हे मात्र खरे!)

दुसरी वाट विषाणूची. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी ठाण मांडतो. त्याचे ई-६ हे प्रथिन पी-५३ चे प्रथिन नष्ट करते, तर ई-७ आरबीला निकामी करते. म्हणजे फ्यूज शाबूत, पण बाजूने थेट तार जोडलेली! काही अंशी जनुक शाबूत असल्यामुळे हा कॅन्सर किरणोपचाराला अधिक चांगली दाद देतो. हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून, तोंडावाटेही लागतो. पण बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. एका ताटात जेवल्याने कॅन्सर होत नाही. पाश्चात्त्य देशांत टॉन्सिलच्या कॅन्सरमागे या विषाणूचा हात मोठा आहे, आपल्याकडे मुख्य कारण अजून तंबाखूच.

याच विषाणूमुळे बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, आणि त्याच्या तपासणीचे मोल जगाला पटवून देण्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ साली आले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथे या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या आया-बहिणी त्या कामी उभ्या राहिल्या, ही लहान गोष्ट नव्हे.

घशासाठी मात्र अशी चाचणी नाही. म्हणून आवाज घोगरा, गिळताना त्रास, एकाच कानात ठणका किंवा मानेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांवर राहिली, तर गळीत हंगाम संपायची वाट पाहू नका, बार्शी गाठा. मुलामुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये देशी लस बाजारात आणली. ९ ते १४ वयात तिचे दोन डोस पुरतात.