बेथलेहेमशेजारचें गांव

नाताळच्या नाट्यप्रवेशांत मेंढपाळांचीं सोंगें घेण्यास खालच्या वर्गांतील मुलें नेहमींच उत्सुक असतात. त्या मेंढपाळांस देवदूताचें दर्शन जेथें झालें असें परंपरा सांगते, तें शेत बेथलेहेमच्या पूर्वेस बैत साहूर नांवाच्या गांवीं आहे. तेथील बहुतेक वस्ती अरब ख्रिस्ती लोकांची असून मुसलमानही त्यांच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. जैतुनाच्या लाकडावर कोरीव काम करून तें यात्रेकरूंस विकणें हा या गांवचा जुना धंदा होय.

१९६७ सालच्या जून महिन्यांतील युद्धांत इस्रायलनें जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा जो मुलूख जिंकून घेतला, त्यांत हें गांव सांपडलें व तेथील कारभार लष्करी अधिकाऱ्याच्या हुकुमानें चालूं लागला. जिंकलेल्या मुलुखांतील मुलांच्या शिक्षणसंस्था नीट चालतील असें पाहणें हें जेत्याचें कर्तव्य आहे, असें १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारांत लिहिलें आहे. हा करार या मुलुखास लागू होत नाहीं अशी इस्रायल सरकारची भूमिका. तो लागू होतो असें मत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००४ सालीं दिलें.

लष्करी अंमल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तोफा व रणगाडे येतात. बैत साहूरच्या गृहस्थास तो बहुधा कागदाच्या रूपानें भेटे. ओळखपत्र खिशांत नसल्यास घराबाहेर पडण्याची सोय नाहीं. विहीर खणावयाची तर परवाना पाहिजे. प्रवासास परवाना, घर बांधण्यास परवाना.

१९८७ च्या डिसेंबरांत गाझा येथें लोकांचा उठाव सुरू झाला व लौकरच तो सर्वत्र पसरला. रस्त्यांवर दगडफेक होऊं लागली. सैन्यानें लाठ्या व गोळ्या चालविल्या आणि गांवेंच्या गांवें संचारबंदींत कोंडलीं. १९८८ च्या आरंभीं शाळांस कुलपें लागलीं. शाळा हे दंग्याचे अड्डे झाले आहेत, असें लष्कराचें म्हणणें होतें. सुट्टी मिळाली म्हणून पहिले कांहीं दिवस मुलांना आनंदही झाला असेल. परंतु आठवडे लोटले, महिने लोटले, आणि नुकतीं अक्षरें गिरवूं लागलेलीं मुलें तीं विसरूं लागलीं. तेव्हां आईबापांनीं आणि शिक्षकांनीं आपसांत वर्ग वांटून घेतले. कोणाच्या स्वयंपाकघरांत गणित, कोणाच्या ओसरीवर वाचन, तर कोठें देवळाच्या खोलींत इंग्रजी. पुढें ऑगस्ट महिन्यांत लोकांच्या अशा सर्व समित्या बेकायदा ठरविण्यांत आल्या, आणि पाढे शिकविणेंही जपून करण्याची गोष्ट झाली. बीरझैत येथील विद्यापीठ तर १९८८ पासून १९९२ पर्यंत बंदच राहिलें. तेथील अध्यापक भाड्याच्या खोल्यांतून वर्ग घेत राहिले.

दुधाची हकीकत याहूनही चमत्कारिक आहे. तोंपर्यंत गांवांत दूध येई तें इस्रायली कारखान्यांचें. तें घ्यावयाचें नाहीं असें ठरल्यावर कांहीं गृहस्थांनीं वर्गणी काढली आणि एका इस्रायली सामुदायिक शेतीवरून अठरा गाई विकत आणल्या. गाई पाळण्याचा अनुभव त्यांच्यापैकीं फारसा कोणास नव्हता. लाथा खात खातच ते शिकले. पण लौकरच घरोघर दूध पोंचूं लागलें. मग एके दिवशीं सैनिक आले. त्यांनीं गाईंचीं छायाचित्रें घेतलीं, आणि हा गोठा इस्रायलच्या सुरक्षिततेस धोका आहे, तो चोवीस तासांत बंद करा, असें बजावलें. गांवकऱ्यांनीं रातोरात गाई लपविल्या. सैनिक त्यांचा शोध करीत राहिले, आणि मुलांना मात्र चोरून दूध मिळत राहिलें. वाचकांस हें ऐकून हसूं येईल. तें तेथील लोकांनाही येतें. या अठरा गाईंवर २०१४ सालीं एक चित्रपट निघाला असून त्यांत गाई स्वतः बोलतात.

पुढील प्रसंगांत मात्र हसण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या कारभारांत आमचा एकही प्रतिनिधि नाहीं, त्यास आम्ही कर देणार नाहीं, असें बैत साहूरकरांनीं ठरविलें. १९८९ च्या सप्टेंबरांत सैन्यानें गांवास वेढा घातला. तो सुमारें सहा आठवडे टिकला. घरांतील खुर्च्या, कपाटें, शीतपेट्या, दुकानांतील माल आणि कोरीव काम करणाऱ्यांचीं यंत्रें जप्त करून गाड्यांतून नेण्यांत आलीं. ज्याचें यंत्र गेलें, त्याचें पोटच गेलें. नोव्हेंबरांत हा प्रश्न राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढें आला. चौदा मतें एका बाजूस पडलीं, परंतु अमेरिकेनें नकाराधिकार वापरल्यामुळें ठराव फेटाळला गेला.

पुढें १९९३ चा ऑस्लो करार झाला, आणि १९९५ च्या डिसेंबरांत सैन्य बेथलेहेमांतून बाहेर पडलें. परंतु १९९७ सालीं गांवासमोरच्या अबू घुनैम टेकडीवर इस्रायली वसाहतीचें बांधकाम सुरू झालें, आणि तेथील झाडी गेली. २००० नंतरच्या दुसऱ्या उठावांत आत्मघातकी बाँबहल्ल्यांनीं शेंकडों इस्रायली नागरिक प्राणांस मुकले. ते हल्ले थांबविण्यासाठीं म्हणून इस्रायलनें २००२ पासून जें कुंपण घातलें, तें बेथलेहेमपाशीं आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत झालें आहे. तिचा मार्ग बहुतांशीं जुन्या सीमेवरून न जातां पॅलेस्टिनी मुलुखाच्या आंतून जातो. नाक्यावर मजुरांच्या रांगा पहांटे तीन-चार वाजल्यापासून लागत. २०२३ च्या ऑक्टोबरांत हमासनें इस्रायलवर भीषण हल्ला केला, त्यानंतर बहुतेकांचे परवाने रद्द झाले व त्या रांगाही गेल्या. गाझाची कथा याहून कितीतरी भयंकर आहे; ती या लहानशा लेखांत मावण्यासारखी नाहीं.

बैत साहूरहून यरुशलेम सुमारें दहा किलोमीटरवर आहे. ईस्टरच्या सणास तेथील पवित्र कबरेच्या देवळांत जावें, ही येथील ख्रिस्ती कुटुंबांची फार जुनी रीत. आतां त्यासाठीं लष्कराकडे अर्ज करावा लागतो. कित्येकदां आईस परवाना मिळतो आणि बापास मिळत नाहीं, किंवा दोघांस मिळून मुलास नाकारला जातो. मग कोणीं जावें आणि मुलापाशीं कोणीं थांबावें, हें त्या घरांत सणाच्या आदल्या दिवशीं ठरवावें लागतें.