उन्हाळ्यात इन्शुलिन : ठेवायचं कसं, घ्यायचं कसं

एप्रिल-मे महिन्यांत फुलंब्रीत पारा चाळिशी ओलांडतो आणि लाइट गेली की फ्रिजही बंद पडतो. घरात इन्शुलिन घेणारं माणूस असेल तर याची खरंच काळजी करायला हवी. इन्शुलिन हे 51 अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. पेशीवरच्या रिसेप्टरवर ते बसतं ते त्याच्या घडणीमुळे. ती घडण ऊन, बर्फ किंवा जोराच्या हिसक्यांनी बिघडली, तर युनिट बरोबर मोजूनही शुगर उतरत नाही.

साहित्य : एकात एक बसतील अशी दोन मडकी, वाळू, सुती कापड, झाकणाची डबी, इन्शुलिन, सिरिंज.

1. मोठ्या मडक्याच्या तळाशी वाळू घाला, त्यावर लहान मडकं ठेवा आणि मधली फट वाळूने भरा. वाळू भिजवा. मडकी सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवा.

2. वापरातली बाटली डबीत घालून लहान मडक्यात ठेवा आणि वर ओलं कापड टाका. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, म्हणून आत गारवा राहतो. पावसाळ्यात हा गारवा कमी मिळतो.

3. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवा, फ्रीजरमध्ये मुळीच नाही. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी वापरू नका.

4. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक इन्शुलिन उघडल्यावर चार आठवडेच वापरायचं असतं. सोबतच्या पत्रकात पाहून घ्या. बाटली गाडीच्या डिकीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका.

5. घेण्याआधी बाटली उजेडात धरा. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्शुलिन गढूळ दिसलं तर टाकून द्या. दुधट इन्शुलिन दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवून एकजीव करा, खळखळ हलवू नका. फिरवूनही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण राहिले तर तेही टाका.

6. बाटली आणि सिरिंजचा आकडा जुळवा. 40 च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, 100 ला केशरी. इथे चूक झाली तर डोस अडीचपट चुकतो.

7. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर किंवा मांडीवर सुई द्या. दहा आकडे मोजून मगच बाहेर काढा. रोज जागा बोटभर सरकवा. एकाच जागी टोचत राहिलं की गाठ होते आणि तिथून इन्शुलिन रक्तात नीट उतरत नाही.

सुई दिल्यावर आत काय होतं? साध्या इन्शुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र असतात. कातडीखाली ते सुटे होतात. रिसेप्टरवर सुटा रेणूच बसू शकतो, म्हणून साधं इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. रेणू बसला की रिसेप्टरचा पेशीच्या आतला भाग जागा होतो आणि प्रथिनांना फॉस्फेट जोडू लागतो. निरोप पुढे सरकतो, आत साठवलेली ग्लुकोजची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत शिरते.

8. शुगर फार उतरून घाम, थरथर, गरगर जाणवली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर तपासा.

9. शुगर चढीच राहिली तर मनाने युनिट वाढवू नका. बाटलीची तारीख आणि टोचण्याची जागा पाहा, शंका असेल तर नवी बाटली उघडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.