परसांतील आंब्यावरील बांडगूळ

परसांतील जुन्या आंब्याची फांदी शेंड्याकडून वठूं लागली, म्हणजे आपण तो दोष झाडाच्या वयावर घालतों. परंतु पुष्कळदां हें काम बांडगुळाचें असतें. त्याचीं जाड, चिवट पानें आंब्याच्या पाल्यांत लपतात. तांबूस, नळीसारख्या फुलांवरून तें ओळखावें.

बांडगूळ अन्न आपल्याच पानांत तयार करतें. मात्र जमिनींत मूळ नसल्यानें पाणी व क्षार तें आंब्याच्या लांकडांतून ओढून घेतें. त्यामुळें फांदीचा पुढील भाग वाळतो. फुलटोच्या पक्षी याचीं फळें खातो व त्यांचें चिकट बीं विष्ठेवाटे दुसऱ्या फांदीवर पडून रुजतें. तेव्हां एकाची हयगय शेजाऱ्याच्या झाडासही भोंवते.

याकरितां फळें पिकण्यापूर्वींच बांडगूळ काढावें. नुसतीं पानें खुडून भागत नाहीं. लांकडांत शिरलेल्या भागांतून तें पुन्हां फुटतें. त्याच्या गांठीपासून सुमारें १ फूट बुंध्याकडे, निरोगी लांकडांत, फांदी करवतीनें कापावी. जाड फांदी प्रथम खालून थोडी व मग वरून कापावी, म्हणजे साल सोलत नाहीं.

कापलेल्या जागीं बोर्डो मलम लावावें. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यांत विरघळवावें, १०० ग्रॅम कळीचा चुना निराळ्या अर्धा लिटर पाण्यांत विरवावा व मग दोन्हीं एकत्र करावीं. लोखंडी भांडें वापरूं नये.

आंबे उतरल्यावर दरवर्षीं एकदां झाड न्याहाळावें, व शेजाऱ्यांसही तसें करण्यास सांगावें.