क्रूझ रद्द केली तर हातात किती उरतं?

क्रूझच्या जाहिरातीत जहाज सुटण्याची तारीख ठळक असते. पैसे मात्र त्याच्या बरंच आधी अडकतात. ज्या दिवशी उरलेली पूर्ण रक्कम भरायची असते, तो दिवस बुकिंगच्या कागदांत कुठेतरी आत छापलेला असतो. त्या दिवसाच्या आत बुकिंग रद्द केलं तर फार तर डिपॉझिट जातं. तो उलटला की दर पंधरा-तीस दिवसांनी परताव्याची रक्कम आणखी घटते आणि शेवटच्या महिन्यात भाड्यातलं जवळजवळ काहीच परत येत नाही. रेल्वेचं तिकीट रद्द करताना आपण तास मोजतो. क्रूझचे महिने मोजावे लागतात. हे वेळेवर कोणी सांगत नाही म्हणून घरोघरचे लाखभर रुपये जातात, आणि ते सहज टाळता येण्यासारखं आहे.

आधी डिपॉझिट. परदेशी कंपन्यांकडे एकाच केबिनचे बहुधा दोन दर मिळतात. एका दरात डिपॉझिट परत मिळतं, दुसऱ्यात मिळत नाही. परत न मिळणारा दर स्वस्त असतो आणि वेबसाइटवर तोच आधी दिसतो. कार्निव्हल कंपनीचं ‘अर्ली सेव्हर’ भाडं या दुसऱ्या प्रकारातलं. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या असं बुकिंग दुसऱ्या तारखेच्या सफरीवर नेऊ देतात, पण त्यासाठी माणशी वेगळं शुल्क घेतात. दोन दरांमधला फरक डिपॉझिटपेक्षा कमी असेल आणि तुमचा व्हिसा अजून हातात नसेल, तर माझ्या मते महाग दर घेणंच शहाणपणाचं. एजंटने दर सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा: डिपॉझिट परत मिळणारं आहे की नाही? उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

आता प्रत्यक्ष आकडे. अमेरिकी कंपन्यांच्या पाच किंवा त्याहून जास्त रात्रींच्या सफरींना साधारण असा तक्ता असतो: सुटण्याच्या 90 दिवस आधीपर्यंत दंड नाही, 89 ते 75 दिवसांत भाड्याच्या 25 टक्के, 74 ते 61 दिवसांत 50 टक्के, 60 ते 31 दिवसांत 75 टक्के, शेवटच्या 30 दिवसांत पूर्ण भाडं. कंपनी, मोसम आणि केबिनचा वर्ग यांप्रमाणे हे टप्पे बदलतात, म्हणून तुमच्या बुकिंगवर छापलेला तक्ताच खरा धरायचा.

समजा, एक जोडपं 20 मे रोजी सुटणाऱ्या सात रात्रींच्या सफरीचं बुकिंग करतं. भाडं माणशी 1,00,000 रुपये, बंदराचे कर आणि शुल्क माणशी 18,000, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची आगाऊ भरलेली टिप माणशी 10,000. दोघांचे मिळून 2,56,000 रुपये. डिपॉझिट माणशी 22,000. त्यांनी 10 फेब्रुवारीला रद्द केलं तर 99 दिवस शिल्लक असतात. डिपॉझिट परत मिळणारं असेल तर नुकसान शून्य, नसेल तर 44,000. तेच 10 एप्रिलला रद्द केलं तर 40 दिवस उरलेले असतात. भाड्याच्या 75 टक्के, म्हणजे दीड लाख रुपये जातात. परत येतात ते भाड्यातले 50,000, करांचे 36,000 आणि टिपचे 20,000, एकूण 1,06,000.

यातले करांचे आणि टिपचे आकडे नीट लक्षात ठेवा. बंदराचे कर, आगाऊ टिप आणि किनाऱ्यावरच्या सहलींचे पैसे हे भाड्याचा भाग नसतात. जहाजावर पाऊलच ठेवलं नाही तर बहुतेक मोठ्या कंपन्या ते परत करतात, अगदी भाडं शंभर टक्के बुडालं तरी. पण मधल्या एजंटच्या हिशेबात पूर्ण रकमेवर ‘नो रिफंड’ असा शिक्का बसतो आणि ग्राहक गप्प राहतो. रद्द करताना कंपनीचा मूळ हिशेब मागा, त्यात कर वेगळे दाखवलेले असतात. एजंटची स्वतःची सेवाफी मात्र सहसा परत येत नाही.

आपल्याकडच्या प्रवाशांसाठी या तक्त्यात एक जास्तीची अडचण आहे, ती व्हिसाची. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. वरच्या उदाहरणात, सफर युरोपातली आहे आणि प्रवास 20 मेला सुरू होतो असं धरलं तर अर्जाची खिडकी 20 नोव्हेंबरला उघडते आणि विनादंड रद्द करण्याची मुदत 19 फेब्रुवारीला संपते. मधले तीन महिने हाच सगळा अवकाश. त्यात अपॉइंटमेंट मिळवायची, कागद जमवायचे, पासपोर्ट परत यायची वाट पाहायची. मार्चमध्ये अर्ज करणारा माणूस पूर्ण पैसे भरून बसलेला असतो आणि व्हिसा नाकारला गेला तर दंडाच्या तक्त्यातून त्याला सूट नसते. प्रवासाचे कागद ही प्रवाशाची जबाबदारी, असं करारात लिहिलेलंच असतं. म्हणून मे महिन्याच्या सफरीची तयारी दिवाळी संपताच सुरू करावी.

मार्गही बघावा. बार्सिलोनाहून सुटणारं जहाज मध्ये तुर्कीच्या बंदराला जाऊन पुन्हा इटलीत येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा पुरत नाही. सिएटलहून निघणाऱ्या अलास्का क्रूझचं तर आणखी वेगळं. अमेरिकेच्या 1886 च्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरावरून निघून त्याच बंदरात परतताना मध्ये परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं. म्हणून ही जहाजं कॅनडात थांबतात आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाच्या परवानगीचाही प्रश्न उभा राहतो. अमेरिकेचा व्हिसा असला की झालं, असं समजून पैसे भरलेल्यांना धक्क्यावरून परत पाठवलं तर ते भाडंही जातं.

दोघांच्या केबिनमधल्या एकानेच रद्द केलं तर काय होतं, हे क्वचितच कोणी आधी विचारतं. क्रूझचं माणशी भाडं हे केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून काढलेलं असतं. एक गळला की उरलेल्याकडून एकट्याचं भाडं मागितलं जातं, आणि ते बऱ्याचदा दोघांच्या भाड्याइतकं असतं. गळलेल्याचा दंड आणि उरलेल्याचं वाढीव भाडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लावले गेले तर कशाच्या आधारावर, हे लेखी विचारा. पूर्ण रक्कम भरण्याच्या तारखेआधी, मूळ प्रवाशांपैकी एक जण कायम असेल तर बऱ्याच कंपन्या दुसरं नाव बदलू देतात. काकांऐवजी आत्या गेल्या तर उरलेल्याचं वाढीव भाडं वाचू शकतं.

कराबद्दल थोडक्यात. परदेशी पॅकेजवर टूर कंपनी जो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर, घेते तो तुमच्या पॅनवर जमा होतो, 26 एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्याचा दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलला आहे, तेव्हा बिलाच्या तारखेचा दर तपासा. रद्द करताना तो एजंटने सरकारजमा केला की अजून त्याच्याकडेच आहे, हे विचारा. जीएसटीबाबत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की रद्द करण्याच्या शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने कर लागतो. शुल्क वजा जाऊन जी रक्कम परत येते तिच्यावरचा कर मागा. कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरले असतील तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क सहसा परत येत नाही, आणि परतावा त्या दिवशीच्या विनिमय दराने येतो.

कंपनीनेच सफर रद्द केली तर पूर्ण रक्कम रोख परत मागावी. मार्च 2020 मध्ये जहाजं थांबली तेव्हा अनेक कंपन्यांनी दोन पर्याय दिले होते: रोख परतावा, किंवा भरलेल्या रकमेच्या 125 टक्क्यांपर्यंतचं पुढच्या सफरीचं क्रेडिट. क्रेडिटला वापराची मुदत असते, ते बहुधा दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि दिलेल्या वेळेत रोख पर्याय निवडला नाही तर क्रेडिटच आपोआप मिळू शकतं. ईमेल आला की त्याच आठवड्यात उत्तर द्या. अमेरिकी बंदरावरून सुटणाऱ्या, 50 किंवा जास्त प्रवाशांच्या जहाजांसाठी तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनचा नियम आहे: सफर रद्द झाली किंवा सुटायला तीन दिवस वा अधिक उशीर झाला आणि प्रवासी गेला नाही, तर त्याला पूर्ण परतावा मिळण्याचा हक्क आहे. युरोपीय संघात पॅकेज रद्द झाल्यावर 14 दिवसांत पैसे परत द्यावे लागतात. वादळामुळे एखादं बंदर वगळलं तर मात्र तक्रारीला फारशी जागा नसते; त्या बंदराचं शुल्क तेवढं परत येतं, तेही अनेकदा जहाजावर खर्च करायच्या रकमेच्या रूपात.

आणि कंपनीच बंद पडली तर? जलेश क्रूझेसने एप्रिल 2019 मध्ये मुंबईहून सफरी सुरू केल्या आणि ऑक्टोबर 2020 मध्ये कारभार गुंडाळला. तिचं ‘कर्णिका’ जहाज शेवटी अलंगच्या भंगारात गेलं. सिंगापूरहून जहाजं चालवणाऱ्या ड्रीम क्रूझेसची पालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. अशा वेळी आगाऊ पैसे भरलेला प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. त्याच्यासाठी खरा आधार म्हणजे क्रेडिट कार्ड. सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते, पण तिला मुदत असते. चेकने दिलेल्या पैशांना ही सोय नाही. वर्षभर आधी पूर्ण रक्कम भरल्यास मोठी सूट, अशी योजना समोर आली तर त्या सवलतीबरोबर ही जोखीम तुम्ही विकत घेत आहात.

प्रवास विम्याचं कागदपत्र वाचताना रद्द होण्याची कारणं आणि रकमेची मर्यादा या दोनच गोष्टी आधी बघा. आजारपण, घरातला मृत्यू अशी ठरावीक कारणं असतात. मन बदललं किंवा ऑफिसने रजा नाकारली हे त्यात सहसा बसत नाही, आणि आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब अनेकदा वगळलेला असतो. विमा डिपॉझिट भरल्यावर लगेच घ्या. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात घेतला तर रद्द होण्याच्या संरक्षणाचा जवळपास सगळा काळ निघून गेलेला असतो.

परदेशी कंपनीच्या करारात वाद झाल्यास मायामीसारख्या शहरातल्या न्यायालयात जा, असं कलम असतं. ठाण्यात किंवा कोल्हापुरात राहणाऱ्याला ते शक्य नाही. म्हणूनच भारतात नोंदलेल्या एजंटकडून, त्याच्या जीएसटी क्रमांकाच्या पावतीवर बुकिंग करण्याचा खरा फायदा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तक्रारीचा क्रमांक मिळाल्यावर अनेक एजंट आपणहून हिशेब घेऊन बसतात.

रद्द करायचंच ठरलं तर फोनवर बोलून थांबू नका. बुकिंग क्रमांक, प्रवाशांची नावं आणि ‘आजपासून रद्द’ एवढं लिहून ईमेल पाठवा आणि रद्द केल्याचा क्रमांक मागून घ्या. एजंट कंपनीला कळवेल तो दिवस धरला जातो, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला ईमेल सोमवारी उघडला गेला तर तुम्ही 75 टक्क्यांच्या टप्प्यात जाऊन पडलेले असू शकता. टप्पा बदलायच्या निदान चार कामाच्या दिवसांआधी कळवा. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच येतो. एजंटने स्वतःच्या खात्यातून कंपनीला पैसे भरले असतील तर ते आधी त्याच्याकडे येतील, म्हणून कंपनीने परतावा पाठवल्याची तारीख आणि रक्कम दाखवणारा कागद त्याच्याकडून मागा.