खोली बदला, पेटी तीच ठेवा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण गेल्या सेमिस्टरला जे शिकले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सबमिशनला चारच दिवस होते आणि लॅबच्या ओपनस्टॅक क्लाउडवरचं माझं व्हर्च्युअल मशीन हँग झालं. म्हटलं, डिलीट करून नवीन घेऊ. केलं डिलीट, आणि अकरा दिवसांचं काम मशीनबरोबरच गेलं! चूक माझीच.

आमच्या अष्टमीत कुंडलिकेचं पाणी चढायला लागलं की आजी आधी कागदपत्रांची पेटी माळ्यावर ठेवते. घर नंतर धुता येतं, कागद भिजले की संपलं. क्लाउडमध्येही तसंच आहे. प्रोसेसर आणि रॅम म्हणजे हॉस्टेलची खोली, डिस्क म्हणजे आपली पेटी.

नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅकमध्ये हे दोन हिशेब वेगळे आहेत. मशीन 'नोव्हा' चालवतो, कायमची डिस्क म्हणजे व्हॉल्यूम 'सिंडर' सांभाळतो. मी इमेजवरून मशीन घेताना 'क्रिएट न्यू व्हॉल्यूम' पुढे 'नो' ठेवलं होतं. त्यामुळे मिळालेली डिस्क तात्पुरती होती. खोली सोडली, पेटीही गेली.

आता बरोबर पद्धत बघू.

१. पहिल्यांदा मशीन घेताना 'क्रिएट न्यू व्हॉल्यूम'ला 'यस' आणि 'डिलीट व्हॉल्यूम ऑन इन्स्टन्स डिलीट'ला 'नो' करा.

२. मशीन बिघडलं, तर आधी व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्या. मग मशीन बंद करून डिलीट करा. व्हॉल्यूमचं स्टेटस 'इन-यूज'वरून 'अव्हेलेबल' होईपर्यंत थांबा.

३. 'लाँच इन्स्टन्स'मध्ये जाऊन 'सिलेक्ट बूट सोर्स' इथे इमेजऐवजी 'व्हॉल्यूम' निवडा. यादीत आपली जुनी डिस्क दिसेल. ती बूटेबल असावी लागते. इमेजवरून बनवलेली असते, कोरी नसते.

४. फ्लेवर, नेटवर्क निवडा आणि लाँच करा. रॅम कमी पडत होती का? मग मोठा फ्लेवर घ्या. फाइल्स, सॉफ्टवेअर, सगळं जागच्या जागी मिळेल. आयपी ॲड्रेस मात्र बदलू शकतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बिघाड डिस्कवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असेल, तर तो नव्या मशीनमध्येही येणार. अशा वेळी दुसरं चांगलं मशीन सुरू करून ही डिस्क त्याला जादा डिस्क म्हणून जोडा आणि फाइल्स कॉपी करून घ्या.

सगळीकडे हीच रीत नाही. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झालं, पण त्यांच्याकडे जुन्या डिस्कवरून थेट नवं मशीन उठवता येत नाही. आधी स्नॅपशॉट, त्यावरून इमेज, मग मशीन. आणि तिथे मशीन टर्मिनेट केलं की मूळ डिस्कही जाते, ही नेहमीची सेटिंग आहे. आपण ती बदलायची.

थोडक्यात काय, तर डिलीट दाबण्यापूर्वी एकदा विचारा, पेटी माळ्यावर ठेवली का?